राहू तिथली बोली

अलिबागेत आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर इस्रायल आळी आहे. तेथे १८४८ साली स्थापन झालेले 'मागेन अबोथ' हे सिनेगॉग आहे. थंडी सुरू झाली की तेथे पाहुणे येऊ लागतात. गेल्या वर्षी असेच एक वयस्क जोडपे रस्ता चुकून आमच्या फाटकाशी आले. गृहस्थांनी विचारले, "काय हो, इस्रायल आळीला असंच सरळ जायचं ना?" मराठी इतके घरचे, की पाहुणे इस्रायलहून आलेत हे मला चहा पुढे आल्यावर कळले.

बोलता बोलता बाई म्हणाल्या, "आम्ही तिकडे गेलो तेव्हा मी सात वर्षांची. मी शाळेत हिब्रू शिकले, आईला काही येईना. भाजीवाल्याशी मी बोलायची, डॉक्टरशी मीच. आईचं पोट दुखतंय की कंबर, ते मी सांगायची. पुढे आई रात्रीच्या वर्गाला जायला लागली. एकदा डॉक्टरकडे एकटी जाऊन, सगळं स्वतः बोलून आली. त्या दिवशी तिनं घरात शिरा केला होता."

दोन दिवसांनी जर्मनीहून लेकीचा फोन आला. तिला तिकडे जाऊन तिसरे वर्ष संपत आले होते. जर्मन शिकण्याचा विषय मी काढला की तिचे उत्तर ठरलेले, "बाबा, आमच्या ऑफिसात सगळं इंग्रजीतच चालतं. शिकायला वेळ कुठे आहे?" त्या दिवशी ती कौतुकाने सांगत होती, "बालवाडीच्या बाई काय म्हणाल्या ते आता हाच मला सांगतो. गंमत ना?" नातू साडेचार वर्षांचा. मला मात्र गंमत वाटली नाही. त्याचे कारण तिला मी कधी सांगितले नव्हते, ते त्या रात्री सांगितले.

१९८६ साली बँकेने माझी बदली तंजावर जिल्ह्यातल्या एका लहान गावी केली. तीन वर्षे तेथे होतो. इंग्रजीवर काम भागत होते आणि अडले तर कारकून होतेच. 'आज ना उद्या बदली होणार, तमिळ शिकून करायचे काय?' हा माझा हिशेब. एके दिवशी एक बाई नऊ-दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. एक कारकून रजेवर होता, दुसरा रोकड आणायला गेला होता. मुलाला शाळेतले थोडे इंग्रजी येत होते. तो म्हणाला, "वडील वारले, सर." त्यांच्या खात्यातली रक्कम आईला हवी होती.

मी फॉर्म पुढे ओढला आणि त्याच्यामार्फत प्रश्न विचारू लागलो. मृत्यूचा दाखला आणला आहे का? वारस कोण कोण? मयताची दुसरी पत्नी आहे का? प्रश्न नियमाला धरूनच होते. शेवटच्या प्रश्नाला मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मग मान खाली घालून त्याने तो आईला विचारला. बाईंनी पदर तोंडाला लावला.

कारकून तासाभरात येणार होता, थांबता आले असते. पण घाई माझी होती. 'उक्कारुंगा अम्मा', म्हणजे 'बसा', एवढे दोन शब्दही तीन वर्षांत माझ्या तोंडी बसले नव्हते. नोकरीत पुढे पुष्कळ फॉर्म भरले, विसरलो. तो मुलगा विसरलो नाही.

परक्या मुलखात राहून तिथली भाषा न शिकण्याची किंमत आपण एकट्याने मोजत नाही. पुष्कळदा ती घरातले मूल मोजते. आईबापांची दुखणी, कर्जे, अपमान, सारे त्याच्या तोंडून जाते.

आमच्या किनाऱ्याला ही गोष्ट नवी नाही. बेने इस्रायलांची परंपरा सांगते, की नवगावजवळ त्यांच्या पूर्वजांचे जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ही मंडळी तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. मराठी त्यांची मातृभाषा झाली आणि गावांच्या नावांवरून नवगावकर, पेणकर, दिवेकर अशी आडनावे पडली. हिब्रू मागे पडली, 'शेमा' ही प्रार्थना तेवढी ओठांवर राहिली. १८३२ साली जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने मुंबईत हिब्रूचे व्याकरण छापले, ते मराठीतून. म्हणजे विसरलेल्या भाषेची वाटही मराठीतूनच गेली.

१९४८ नंतर हीच कुटुंबे इस्रायलला गेली आणि पुन्हा भाषेच्या पहिल्या इयत्तेत बसली. तेथे नवागतांना हिब्रू शिकवणाऱ्या वर्गांना 'उलपान' म्हणतात. 'उलपान एत्झिओन' हा पहिला वर्ग १९४९ साली जेरुसलेममध्ये निघाला. एकाच बाकावर पोलंडचा, इराकचा, मोरोक्कोचा विद्यार्थी, तेव्हा हिब्रू शिकवायची ती हिब्रूतूनच. सकाळी वर्गात भेटलेला शब्द संध्याकाळी बाजारात भेटतो. दुकानदार चूक सुधारतो, बसचा कंडक्टर उजळणी घेतो. घरबसल्या पुस्तकावरून शिकणाऱ्याला हे शिक्षक कोठून मिळणार? परमुलखात राहण्याचा हा फुकटचा लाभ आहे, आणि आपण तो इंग्रजीच्या आडोशाला बसून घालवतो.

"पण मग घरातलं मराठी जाईल," ही लेकीची दुसरी शंका. तिला म्हटले, रेवदंड्याच्या खाडीपलीकडचे कोर्लई आठव. लहानपणी तुला तिथल्या किल्ल्यावर नेले होते. पोर्तुगीज येथून १७४० साली गेले. तरी कोर्लईचे ख्रिस्ती लोक आजही घरात पोर्तुगीजमधून निपजलेली आपली बोली बोलतात आणि बाहेर तुमच्याआमच्यासारखे मराठी. तिकडे इस्रायलमध्ये आपल्या माणसांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. बाहेरची भाषा शिकल्याने घरची जात नाही. घरात बोलणे सोडले की ती जाते.

उलट नवी भाषा शिकताना आपलीच भाषा नव्याने दिसते. इंग्रजीवरून जर्मनकडे जाणारा 'डेअर, डी, दास' या तीन लिंगांना घाबरतो. आपल्याला भ्यायचे कारण नाही. तो आंबा, ती कैरी, ते केळे हे आपण कोणत्या नियमाने शिकलो? 'तू' कोणाला आणि 'तुम्ही' कोणाला, हा जर्मनांचा विवेकही आपल्या ओळखीचा. पोटवाक्यात क्रियापद शेवटी नेण्याची त्यांची खोडही आपल्याला परकी नाही. फक्त चुकण्याची तयारी हवी. पदवीधर माणसाला भाजीवाल्यापुढे बोबडे बोलायला जड जाते, खरी अडचण तेथे आहे.

लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या मुलाचं पुढे काय झालं?" मला माहीत नव्हते. पैसे मिळाले, एवढेच सांगता आले.

महिन्याभराने तिने वर्गात नाव घातले. तिकडे सरकारी योजनेतला भाषेचा अभ्यासक्रम साधारण ६०० तासिकांचा असतो. नोकरी आणि मूल सांभाळून ती आठवड्यातून दोन संध्याकाळी जाते, म्हणजे वेळ लागणारच. परवा नातवाने फोन घेतला आणि तक्रार केली, "आजोबा, आई किती चुकते! चंद्राला 'डी' म्हणाली. 'डेअर' म्हणायचं असतं!"

"मग तू सुधार की," मी म्हटले.

"सुधारतो ना. पण बाईंशी आता आईच बोलते. मी खेळायला जातो."

त्या दिवशी आम्हीही घरात शिरा केला.