थांबलेल्या स्कूल बसची जबाबदारी

स्कूल बसविषयी पालकांच्या मनात जी धास्ती असते ती बहुधा वेगाची असते; चालक गाडी भरधाव हाकील, ब्रेक ऐन वेळी दगा देईल, अशा शंकांनी त्यांचा जीव टांगणीला लागतो. या शंका अनाठायी नाहीत. परंतु आसनावर बसलेले मूल त्या अवजड वाहनाच्या आश्रयाने पुष्कळसे सुरक्षित असते, आणि बस थांबून दार उघडल्यावर त्याचे पाऊल रस्त्यावर पडते त्या क्षणी तो आश्रय सुटतो, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी येते.

उतरलेले सहा-सात वर्षांचे मूल बसच्या अगदी पुढून चालू लागले, तर उंचावर बसलेल्या चालकाला ते दिसेलच अशी हमी देता येत नाही, कारण काचेच्या खालचा, जमिनीलगतचा पट्टा त्याच्या दृष्टीआड असतो. त्यातून पडलेली पाण्याची बाटली उचलण्यासाठी ते वाकले, तर ते तेथे आहे याची वार्ताही त्याला लागत नाही. मागच्या चाकाजवळची जागाही तितकीच घातक असते. अमेरिकेत बसभोवतालचे सुमारे १० फुटांचे क्षेत्र धोक्याचे मानून मुलांना तेथून लवकर दूर होण्यास शिकवितात, आणि बसचे लाल दिवे लुकलुकू लागून बाजूचा फलक उघडला की मागील वाहनांनी, आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर बहुधा समोरच्यांनीही, थांबावे असा तेथील कायदा आहे. आपल्या रस्त्यांवर ती शिस्त अद्याप रुजलेली नाही. उलट बस आणि पदपथ यांमधल्या अरुंद फटीतून दुचाकीस्वार घुसतो, आणि बसचे दार नेमके त्याच बाजूला उघडते.

म्हणून ज्याला आपले काम कळते असा चालक बस रस्त्याच्या मध्यावर उभी न करता डाव्या कडेला इतकी लगटून घेतो की ती फटच उरत नाही. हँडब्रेक ओढून, डावा आरसा न्याहाळून मगच दार उघडू देतो. आणि मदतनीस ताई खाली उतरून मुलाला बाजूला घेईपर्यंत व परत चढेपर्यंत गाडी हलवीत नाही. दिल्लीतील वाहतुकीच्या संदर्भात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्कूल बसच्या चालकाला अवजड वाहन चालविण्याचा किमान ५ वर्षांचा अनुभव असावा असा दंडक घातला; अशी सबुरी अनुभवावाचून अंगी येत नाही.

गाडी उभी करून ठेवण्याचे शास्त्र त्या मानाने थोडक्यात सांगता येते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या १२६ व्या कलमान्वये चालकाच्या आसनावर परवानाधारक इसम नसेल, तर इंजिन बंद करून व ब्रेक लावून, वाहन आपोआप सरकणार नाही अशी तजवीज केल्याखेरीज ते सोडून जाता येत नाही. उतारावर गिअर टाकून चाकाखाली ठोकळा द्यावा. शाळेच्या आवारात, जेथे मुले धावत असतात, तेथे गाडी मागे घेण्याचा प्रसंगच शक्यतो येऊ देऊ नये. आणि कुलूप लावण्यापूर्वी शेवटच्या आसनापर्यंत स्वतः चालत जाऊन, कोणी मूल झोपी गेलेले नाही ना, हे पाहावे. बंद गाडीत उन्हाने वाढणारी उष्णता लहान जीवाला फार वेळ सोसवत नाही.

तथापि या सर्व दक्षतेवर पाणी पडते ते बहुधा आपल्याच हातून. रस्त्याच्या पलीकडे उभे राहून आपण मुलाला हाक मारतो, हात उंचावतो, आणि ते बसच्या आडून थेट आपल्याकडे धाव घेते. घर पलीकडे असेल तर पालकाने आधीच रस्ता ओलांडून बसच्या दाराशी जावे, मुलाचा हात धरावा, आणि बस निघून जाऊन रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा दिसेपर्यंत तेथेच थांबावे. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते. आपल्या पाल्याचा थांबा वळणावर, चौकाजवळ वा भरधाव वाहतुकीच्या रस्त्यावर असेल, तर तो बदलण्याचा लेखी अर्ज त्या समितीकडे याच आठवड्यात द्यावा.