गिटमध्ये नव्या भाषेस आधार

संगणकाच्या आज्ञावलीतील फेरबदल क्रमाने जतन करणारे 'गिट' हे साधन लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिहावयास घेतले. त्याच वर्षापासून त्याची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे आहे. त्याची संहिता सर्वांस खुली असल्याने तीत कोणालाही भर घालता येते. अशा भरींपैकी एक लहानसा प्रकार भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने अवश्य पाहण्याजोगा आहे. तो म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमिंग भाषेची ओळख गिटला करून देणे.

गिटच्या लेखी फाइल ही केवळ ओळींची मालिका होय. दोन आवृत्तींतील फरक दाखविताना ते बदललेल्या ओळी व त्यांच्या आजूबाजूच्या तीन-तीन ओळी मांडते आणि त्या तुकड्याच्या माथ्यावर वरच्या मजकुरातील एक ओळ उद्धृत करते. बदल कोणत्या प्रकरणातला, हे या शीर्ष-ओळीवरून कळावे अशी अपेक्षा असते. भाषा अपरिचित असेल तर नियम ढोबळ असतो : डाव्या कडेपासून रोमन अक्षराने, अधोरेषेने किंवा डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी सर्वांत जवळची ओळ. पायथनमध्ये क्लासच्या पोटातील फंक्शने आत सरकवून लिहितात. त्यामुळे या नियमाने क्लासचे नाव दिसते, परंतु त्यातील कोणते फंक्शन बदलले ते कळत नाही. (देवनागरीने आरंभ होणारी ओळ तर या नियमाच्या दृष्टीस पडतच नाही.)

म्हणून भर घालणाऱ्यास दोन प्रश्नांची उत्तरे रेग्युलर एक्सप्रेशनच्या रूपात द्यावी लागतात. शीर्षक होण्यास योग्य ओळ कोणती? आणि या भाषेत शब्द कशास म्हणावे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पायथनसाठी सोपे आहे, कारण तेथे 'डेफ' किंवा 'क्लास' हे चिन्हक आरंभीच येते. जावात असे चिन्हक नाही. आधी प्रकारनाम, मग फंक्शनचे नाव, मग कंस, एवढ्या क्रमावरूनच व्याख्या ओळखावयाची. पण 'रिटर्न' या शब्दापुढे एखाद्या फंक्शनला हाक दिली की त्या ओळीचा बाह्य आकारही हुबेहूब तसाच होतो. यावर योजलेला उपाय व्याकरणकारांच्या उत्सर्ग-अपवादाची आठवण करून देणारा आहे. उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या नियमात 'रिटर्न', 'इफ', 'व्हाइल', 'न्यू' इत्यादी शब्द देऊन त्यांनी सुरू होणाऱ्या ओळी आधीच वगळतात. सामान्य नियम नंतर लागतो.

संपूर्ण व्याकरण लिहिण्याची येथे अपेक्षा नाही. मजकूर त्या भाषेच्या नियमांनुसार शुद्ध आहे असे गृहीत धरलेले असते. तेव्हा नियम थोडा सैल असला तरी चालतो. विद्वानांस हा सैलपणा प्रथम रुचत नाही. परंतु प्रत्येक नियमासोबत परीक्षेचे नमुने मात्र द्यावेच लागतात : नमुन्यात जी ओळ निवडली जावी तीत 'राइट' हा शब्द आणि जेथे बदल होणार तेथे 'चेंजमी' हा शब्द लिहितात. रस्ट भाषा २०१९ मध्ये आणि कोटलिन २०२२ मध्ये याच वाटेने गिटमध्ये आल्या.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. शब्दागणिक फरक मागितला असता गिट एरवी मोकळ्या जागेवर शब्द तोडते. भाषेचा नियम असेल तर नावे, अंक व चिन्हे वेगळी ओळखली जातात. पायथनच्या नियमात नाव म्हणजे रोमन अक्षरे, अंक व अधोरेषा. वस्तुतः २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ पासून देवनागरीतील नावेही त्या भाषेस मान्य आहेत. नियमात न बसणाऱ्या मजकुरासाठी गिटमध्ये एक सर्वसाधारण पुरवणी आहे. तिच्यामुळे देवनागरी चिन्हाच्या तीन बाइटांची फाटाफूट होत नाही, मात्र प्रत्येक युनिकोड-चिन्ह हा स्वतंत्र शब्द ठरतो. परिणामी 'मजकुर' हे नाव सुधारून 'मजकूर' केले तर बदललेला शब्द दिसत नाही. व्यंजनापासून सुटलेला ऱ्हस्व उकार गेला व दीर्घ ऊकार आला, एवढेच दिसते. जो नियम नसताना पूर्ण शब्द दिसला असता, तो नियम लागू होताच अक्षराहूनही लहान तुकड्यांत मोडतो.

पायथनची ओळख गिटला असली तरी ती आपोआप लागू होत नाही; कोणत्या फाइलींस कोणता नियम लावावा, हे प्रकल्पाच्या गुणधर्म-फाइलीत लिहावे लागते. तसेच शब्दाची व्याख्या आपल्यापुरती बदलण्याची सोयही आहे. देवनागरीची चिन्हे नावात सामावून घेणारा नियम एखाद्याने स्वतःच्या यंत्रावर लिहिला, तर त्याचे काम भागते. तो इतरांस मिळावयाचा तर नमुने व परीक्षांसह तो मूळ संहितेत दाखल व्हावयास हवा.