पिंजऱ्यावरचं कार्ड बोलतं, तुमची शेड बोलते का?



‘फाइव्ह एस’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर पुण्या-चाकणचा मोठा कारखाना येतो. जमिनीवर पिवळे पट्टे, भिंतीवर बोर्ड, सगळे हेल्मेट घालून. मग प्रशिक्षणात हमखास प्रश्न येतो, “आमच्या दोनशे कोंबड्यांच्या शेडला हे कशाला?” म्हणून आज कारखान्याचं उदाहरण बाजूला ठेवू आणि औषधं, लसी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या प्राणीगृहात जाऊ. तिथेही पिंजरे आहेत, खाद्य आहे, तूस आहे, आजार आहेत. म्हणजे तुमचाच धंदा, फक्त चुकीला तिथे माफी नाही.

धानाच्या बांधीतून उंदराच्या पिंजऱ्यापर्यंत

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत रोवणीच्या दिवसांत साप चावणं नवीन नाही. दवाखान्यात जी सर्पदंशाची लस टोचतात, ती घोड्यांच्या रक्तापासून बनते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष घोड्याला थोडं थोडं टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिकारद्रव्य तयार होतं आणि ते वेगळं काढून औषध बनवतात. महाराष्ट्रात हे काम हाफकिनच्या नावाशी जोडलेलं आहे. १८९९ साली परळला प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली, तिला १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं.

औषध तयार झालं, पण त्यात ताकद किती? ती तपासायला पांढरे उंदीर लागतात. भारतीय औषधकोशाप्रमाणे १ मिलिलिटर लसीने नागाचं किंवा घोणसाचं किमान ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यार किंवा फुरशाचं किमान ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करायला हवं. ठराविक वजनाच्या उंदरांचे गट करतात, वेगवेगळं प्रमाण टोचतात आणि किती जगले ते मोजतात.

आता विचार करा, दोन पिंजऱ्यांची कार्डं अदलाबदल झाली तर? उंदीर तर सगळे सारखेच पांढरे. उंदीर सांगणार नाही की मी दुसऱ्या गटातला. आकडा चुकला, चाचणी वाया गेली, पुन्हा नवे उंदीर, पुन्हा तेच दुखणं. रसेल आणि बर्च या दोन शास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच सांगितलं होतं की प्रयोगात प्राणी कमीत कमी वापरा. नीटनेटकेपणा हा त्याचा एक साधा रस्ता आहे. एका पुठ्ठ्याच्या कार्डाची किंमत इथे कळते.

अमेरिका-युरोपातल्या काही मोठ्या प्राणीगृहांनी म्हणूनच टोयोटाच्या कारखान्यातली पद्धत उचलली. तिचं सार एका वाक्यात सांगतो: माहिती माणसाच्या डोक्यात न राहता जागेवर दिसली पाहिजे. नवीन माणूस आत आला तरी कोणाला न विचारता त्याला काम कळलं पाहिजे.

पाच पायऱ्या, तिकडे आणि इकडे

१. सेइरी, म्हणजे छाटणी. प्राणीगृहाच्या खोलीत आजच्या कामाचंच सामान ठेवायचं. तुटके पिंजरे, रिकामे खोके आत राहिले की झुरळं आणि बाहेरचे उंदीर लपतात आणि आजार आणतात. ज्या वस्तूबद्दल शंका आहे तिला लाल चिठ्ठी लावून तारीख टाकायची. महिनाभरात हात लागला नाही तर वस्तू बाहेर. तुमच्या शेडमधल्या रिकाम्या गोण्या आणि मुदत संपलेल्या औषधाच्या बाटल्या बघा. लाल चिठ्ठी तिथून सुरू करा.

२. सेइतोन, म्हणजे मांडणी. इथे थोडं थांबू, कारण पैसा इथेच गळतो. गिनीपिगच्या शरीरात माणसासारखंच क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते खाद्यातूनच द्यावं लागतं. आणि साध्या साठवणुकीत ते खाद्यातून हळूहळू कमी होतं, म्हणून असं खाद्य साधारण तीन महिन्यांत वापरायचा नियम पाळतात. जुनी गोणी मागे राहिली तर गिनीपिग पोटभर खाऊनही आजारी पडतो. गोणीकडे बघून काही कळत नाही, तारीख बघूनच कळतं.

आपल्याकडे पावसाळ्यात मक्याला आणि ढेपेला बुरशी लागते. म्हणून प्रत्येक गोणीवर मार्करने मोठ्या अक्षरात आल्याची तारीख लिहा. नवीन माल मागे, जुना पुढे. गोण्या भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर.

दुसरी गोष्ट वाटेची. प्राणीगृहात स्वच्छ बाजू आणि मळकी बाजू वेगळी असते, माणूस स्वच्छाकडून मळक्याकडे जातो, उलट येत नाही. शेडमध्येही आधी लहान पिल्लं, मग मोठे पक्षी, सगळ्यात शेवटी आजारी. जमिनीवर चुन्याने किंवा रंगाने बाण काढा. आजारी खणासाठी चप्पल आणि बादली वेगळी, दोन्हींवर लाल पट्टी.

३. सेइसो, म्हणजे सफाई. आपल्या देशात बऱ्याच प्राणीगृहांत पिंजऱ्याखाली धानाचं तूसच घालतात, पण आधी वाफेने निर्जंतुक करून. मूल, ब्रह्मपुरी, वडसाच्या राईस मिलमधून निघतं तेच तूस! तिथे तूस बदलणं म्हणजे तपासणीही असते. विष्ठा पातळ आहे का, पाण्याची बाटली गळते का, तूस एकाच कोपऱ्यात ओलं का झालं? झाडणाऱ्या माणसाला हे सगळ्यात आधी दिसतं. मग त्याच्या हाताशी खडू आणि पाटी ठेवा, दिसलं की लिहिलं.

४. सेइकेत्सु, म्हणजे एकच रीत. आपल्या देशातल्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे प्राणीगृहाचं तापमान १८ ते २९ अंश आणि आर्द्रता ३० ते ७० टक्के हवी. आकडा दारावर लिहिलेला, शेजारी रोजची नोंद. चंद्रपूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको, पारा ४५ च्या वर जातो. शेडमध्ये थर्मामीटर लावा आणि तुमच्या पक्ष्यांच्या वयाप्रमाणे पशुवैद्यकांना विचारून त्यावर हिरवी आणि लाल पट्टी चिकटवा. खाली लिहा: ‘पारा लाल पट्टीत गेला की गोणपाट ओले करा, पंखे लावा, थंड पाणी भरा.’ तुम्ही बाजाराला गेलात तरी घरचं कोणीही निर्णय घेईल, फोनची वाट बघणार नाही.

५. शित्सुके, म्हणजे शिस्त. प्राणीगृहाला रविवार नसतो, दिवाळीलाही पाणी बघायला कोणीतरी जातंच. रोजच्या यादीवर करणाऱ्याची सही असते. घरच्या धंद्यात सही मागायला संकोच वाटतो, पण “मला वाटलं तू केलंस” या वाक्याने जितकी जनावरं गेली असतील तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने गेली असतील.

शेळीचं कार्ड

शेळीपालन करणाऱ्यांनी आजच एक काम करा. प्रत्येक शेळीमागे एक कार्ड: बिल्ल्याचा नंबर, जन्मतारीख, आई कोणती, पीपीआर आणि आंत्रविषाराच्या लसीची तारीख, जंतनाशकाची तारीख, बोकड दाखवल्याची तारीख. शेळी साधारण १५० दिवसांत विते. म्हणजे शेवटच्या तारखेत पाच महिने मिळवले की व्यायची तारीख समोर. त्या आठवड्यात बाहेरगावचं लग्न ठरवायचं की नाही, हे कार्डच सांगेल. विमा काढला असेल तर दावा करताना बिल्ल्याचा नंबर विचारतातच.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. जुनी माहिती असलेलं कार्ड हे कार्ड नसण्यापेक्षा वाईट. कार्ड नसलं तर माणूस विचारतो, चुकीचं असलं तर डोळे झाकून विश्वास ठेवतो. म्हणून लस टोचली की सुई टाकून द्यायच्या आधी तारीख लिहायची.

आणि हो, प्रयोगासाठीचे प्राणी पाळून विकू असं कोणाच्या मनात आलं असेल तर थांबा. त्याला १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखालचे १९९८ चे नियम लागतात, नोंदणीशिवाय तो धंदा करता येत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

पहिले दोन दिवस लाल चिठ्ठ्या. तिसऱ्या दिवशी गोण्यांवर तारखा. चौथ्या-पाचव्या दिवशी कार्डं. सहाव्या दिवशी बाण आणि पट्ट्या. खर्च काय? पुठ्ठा, मार्कर, रंगाचा छोटा डबा आणि एक थर्मामीटर.

सातव्या दिवशी परीक्षा. धंद्याची काहीच माहिती नसलेल्या शेजाऱ्याला आत न्या आणि तीन प्रश्न विचारा: कोणती गोणी आधी वापरायची? कोणतं जनावर आजारी आहे? आज कोणतं काम राहिलंय? तुम्ही तोंड उघडायचं नाही. तो ज्या प्रश्नावर अडला, तिथे पुढच्या आठवड्याचं काम. कुठे अडला ते कमेंटमध्ये नक्की लिहा, त्यावर पुढचा व्हिडिओ करू.