क्रमनिरपेक्षता आणि रुळाचे सांधे

भिलाई पोलाद कारखान्यात 130 मीटर लांबीचा एकसंध रूळ तयार होतो. असे दोन रूळ वेल्डिंगने सांधून 260 मीटरचा सलग रूळ रेल्वेला पुरविला जातो. 2 × 130 आणि 130 × 2 यांचे उत्तर एकच येते. दोन-दोन ठिपक्यांच्या 130 ओळी मांडून तीच मांडणी बाजूने पाहिली, तर 130 ठिपक्यांच्या दोन ओळी दिसतात. हीच गुणाकाराची क्रमनिरपेक्षता होय. मात्र 130 मीटरच्या 2 तुकड्यांना एक सांधा पुरतो, तर 2 मीटरच्या 130 तुकड्यांना 129 सांधे लागतील आणि प्रत्येक सांध्याची तपासणी करावी लागेल. लांबी तीच, खर्च व जोखीम निराळी.

बेरजेलाही हा गुणधर्म लागू आहे. वजाबाकी व भागाकार यांना नाही. परीक्षार्थी फसतात ते येथेच. किंमत आधी 10 टक्के वाढून मग तितकीच टक्के घटो वा याउलट होवो, 100 रुपयांचे 99 च होतात, कारण 1.1 × 0.9 हा निव्वळ गुणाकार आहे. परंतु 1000 रुपयांवर आधी 10 टक्के सूट देऊन नंतर 100 रुपये वजा केल्यास 800 उरतात. क्रम उलटविल्यास 810, कारण तेव्हा सूट 900 रुपयांवरच मिळते.