सावित्रीच्या काठाने महाडपर्यंत

डिसेंबरमधला रविवार होता. फज्रची नमाज पढून मी आणि माझी लेक पोलादपूरला बहिणीच्या घरून सायकलने निघालो. महाड जेमतेम २० किलोमीटर. जुलै २०२१ च्या पुरात आमच्या महाडच्या घरात पाणी शिरले, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. त्यानंतर पाऊस वाढला की तिला झोप येत नसे. म्हणून नदी तिला शांतपणे दाखवायची होती.

पोलादपूरजवळ सावित्री खडकांतून खळाळत होती. महाबळेश्वरच्या डोंगरातले हे पाणी उतारावर धावते. पुढे राजेवाडी फाट्याजवळच्या पुलावर थांबलो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिशकालीन पूल कोसळून दोन एसटी बस वाहून गेल्या. आम्ही दोघे क्षणभर गप्प उभे राहिलो.

महाडला प्रवाह संथ दिसला. “अब्बा, नदी थांबली का?”

मी सांगितले, “समुद्राची भरती बाणकोटच्या खाडीतून इथपर्यंत येते. सावित्री, गांधारी, काळ या नद्यांना पूर असताना भरती आली, की पाण्याला निघायला वाट मिळत नाही. मग ते गावात पसरते.”

ती विचार करून म्हणाली, “भरतीची वेळ तर आधीच कळते. मग सामान आधीच माळ्यावर चढवू या.”

घरी येताच तिने वहीत पावसाळ्यासाठी कामांची यादी केली. पहिले नाव आमच्या म्हाताऱ्या शेजारणीचे होते : ‘यांना आधी वर आणायचे.’

मुलांना नुसते ‘घाबरू नकोस’ म्हणून भागत नाही. सोबत नेऊन दाखवावे लागते.