ॲग्नेस मूरहेड: एका नटीच्या चरित्राचीं साधनें

नटाची योग्यता ठरवितांना लोकस्मृतीवर कितपत विसंबावें, हा प्रश्न चरित्रलेखकास नेहमींच पडतो. अमेरिकन नटी ॲग्नेस मूरहेड हिच्या चरित्रावरून त्याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम जन्मवर्ष. अनेक ठिकाणीं तें १९०६ असें छापलें गेलें. परंतु तिचा जन्म ६ डिसेंबर १९०० रोजीं मॅसॅच्युसेट्समधील क्लिंटन येथें झाला. म्हणजे छापील मजकुरानें तिच्या आयुष्यांतील सहा वर्षें वजा केलीं.

दुसरी गोष्ट भूमिकांची. ऑर्सन वेल्स यांच्या मंडळींत ती प्रथम नभोवाणीवर चमकली, आणि १९४१ च्या ‘सिटिझन केन’ मध्यें नायकाच्या आईच्या लहानशा भूमिकेंत चित्रपटांत आली. परंतु तिचें खरें सामर्थ्य २५ मे १९४३ रोजीं प्रक्षेपित झालेल्या ‘सॉरी, राँग नंबर’ या लुसिल फ्लेचर यांच्या नभोनाट्यांत दिसतें. अंथरुणास खिळलेल्या बाईच्या कानीं टेलिफोनवर चुकून खुनाचा कट येतो, आणि बळी जाणारी आपणच, हें तिला फार उशिरां उमगतें. हा सारा डोलारा जवळजवळ एका आवाजावर उभा होता. श्रोत्यांना तें इतकें भावलें कीं, तिला तें पुढें वारंवार करावें लागलें.

असें असतां १९४८ च्या चित्रपटांत ती भूमिका बार्बरा स्टॅनविक यांस मिळाली, व तीबद्दल ऑस्करसाठीं त्यांचें नामांकनही झालें. त्याच वर्षीं मूरहेड हिचें नामांकन झालें तें ‘जॉनी बेलिंडा’ मधील दुय्यम भूमिकेबद्दल! १९५१ पासून तिनें लॉटन, बॉयर व हार्डविक यांच्यासह शॉ यांचें ‘डॉन जुआन इन हेल’ देखाव्यांवांचून, केवळ वाचनाच्या रूपानें रंगभूमीवर गाजविलें. तेथेंही भिस्त आवाजावरच होती.

तथापि लोकांनीं लक्षांत ठेविली ती १९६४ ते १९७२ या काळांतील ‘बिविच्ड’ या दूरदर्शनमालिकेंतील, जांवयाचा उपहास करणारी चेटकीण सासू एंडोरा. या भूमिकेबद्दल सहा वेळां नामांकन होऊनही एमी पारितोषिक मिळालें नाहीं. तें मिळालें १९६७ मध्यें, दुसऱ्याच मालिकेच्या एका भागाबद्दल. ३० एप्रिल १९७४ रोजीं ती वारली.

तात्पर्य, लोकस्मृति शेवटचें व डोळ्यांना दिसलेलें तेंच धरून ठेवते. ध्वनिमुद्रणें उरलीं नसतीं तर या नटीस इतिहासानें केवळ चेटकीण म्हणूनच ओळखलें असतें. ज्या नटांचीं अशीं मुद्रणें उरलीं नाहींत, त्यांच्याविषयीं प्रचलित मत स्वीकारतांना म्हणूनच अधिक सावध असावें, असें आम्हांस वाटतें.