वर्तुळाची परीक्षा

ठाणे शहराच्या अंतर्गत वर्तुळाकार मेट्रोला केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ ऑगस्ट २०२४ रोजी मान्यता दिली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पंतप्रधानांच्या हस्ते तिचे भूमिपूजनही पार पडले. मार्गाची लांबी २९ किलोमीटर, त्यांतील २६ किलोमीटर खांबांवरून व ३ किलोमीटर जमिनीखालून, स्थानके २२, खर्च १२ हजार २०० कोटी रुपये, आणि पूर्ततेचे साल २०२९. आकडे डोळे दिपविणारे आहेत यात शंका नाही. परंतु डोळे दिपले म्हणजे दिसेनासे होते, हेही तितकेच खरे. म्हणूनच या योजनेचा जयजयकार करणाऱ्यांच्या आणि तिला उधळपट्टी म्हणून झिडकारणाऱ्यांच्या गलबल्यातून थोडे बाजूला होऊन तिचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे. आमच्या मते ही मेट्रो ठाण्याला हवी आहे. मात्र ती कशी हवी, कोणासाठी हवी आणि तिच्याबरोबर आणखी काय हवे, या प्रश्नांची उत्तरे आजच मिळाली पाहिजेत. खांब उभे राहिल्यावर प्रश्न विचारण्यात अर्थ उरत नाही.

या देशातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघून ठाण्यास आली. त्या मानाचा उल्लेख आम्ही ठाणेकर प्रत्येक समारंभात करतो. पण त्या घटनेने शहराच्या कपाळी जे लिहिले, त्याचा विचार क्वचितच करतो. रेल्वेने ठाण्याला मुंबईशी जोडले. ठाण्याला ठाण्याशी जोडण्याचे काम तिचे नव्हते. शहर लहान होते तोवर त्याची उणीव भासली नाही. स्थानक, तलावपाळी, बाजार आणि कचेऱ्या एवढ्या परिघात पायी फिरता येत असे. पुढे वागळे इस्टेटीत, पोखरण रस्त्यावर, कोलशेत-बाळकुमच्या बाजूस कारखाने उभे राहिले. त्यांतील पुष्कळसे कामगार जवळपासच्याच वस्त्यांत राहत. नंतर एकामागून एक कारखाने बंद पडले व त्यांच्या जागी उत्तुंग निवासी इमारती आल्या. घोडबंदर रस्त्याच्या दुतर्फा जेथे गावे व भाताची खाचरे होती, तेथे नवे शहरच वसले. म्हणजे जेथे पूर्वी काम होते तेथे आता घर आले, आणि काम मात्र दूर मुंबईत किंवा नवी मुंबईत गेले. या उलथापालथीत प्रत्येक नव्या घरामागे रोजचे दोन प्रवास वाढले. एक स्थानकापर्यंतचा आणि दुसरा स्थानकापासूनचा.

लोकसंख्येचा हिशेब पाहावा. २००१ च्या जनगणनेत ठाणे महापालिका क्षेत्राची वस्ती सुमारे साडेबारा लाख होती. २०११ साली ती १८ लाख ४१ हजारांवर गेली. दहा वर्षांत जवळजवळ दीडपट! २०२१ साली व्हावयाची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही. याचा अर्थ, एवढ्या खर्चाची योजना आखताना हाताशी असलेली पक्की शिरगणती दशकाहून जुनी होती. अशा स्थितीत २०२९ साली रोज ६ लाख ४७ हजार आणि २०४५ साली ८ लाख ७२ हजार प्रवासी या मार्गाने जातील, असा सरकारचा अंदाज आहे. अंदाज चुकीचाच ठरेल असे आम्ही म्हणत नाही. पण अंदाज म्हणजे वचन नव्हे, आणि तो खरा ठरणे वा न ठरणे हे रुळांपेक्षा रुळांभोवती काय केले जाते यावर अधिक अवलंबून असते.

याचे दोन दाखले मुंबईतच आहेत. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही अवघ्या ११.४ किलोमीटरांची मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली आणि अल्पावधीत लाखो प्रवाशांच्या नित्याच्या वापरात आली. त्याच वर्षी फेब्रुवारीत चेंबूर-वडाळा मोनोरेल सुरू झाली व २०१९ मध्ये ती संत गाडगे महाराज चौकापर्यंत वाढविली गेली. तिचे डबे मात्र वर्षानुवर्षे रिकामे धावले. एकाच नगरीत, एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन वाहनांच्या दैवात एवढा फरक का पडला? कारण उघड आहे. पहिलीची अंधेरी व घाटकोपर ही स्थानके रेल्वेच्या स्थानकांशी पुलाने सरळ जोडलेली आहेत. जिना चढला की प्रवासी एका गाडीतून दुसरीकडे जातो. दुसरीची टोके कोणत्याही गजबजलेल्या रेल्वेस्थानकाला नीट भिडलीच नाहीत. गाडी किती आधुनिक आहे याला प्रवाशाच्या लेखी दुय्यम महत्त्व असते. आपल्या वाटेवर ती कोठे भेटते, हे तो आधी पाहतो.

या कसोटीवर ठाण्याच्या योजना लावून पाहू. वडाळा-कासारवडवली ही चौथी मेट्रो राज्य शासनाने २०१६ साली मंजूर केली. घोडबंदर रस्त्यावरील तिच्या एका भागावर गाडीची चाचणी व्हावयास सप्टेंबर २०२५ उजाडला. ही मेट्रो तीन हात नाका, कॅडबरी, माजिवडे, कापूरबावडी अशी महामार्गाच्या कडेने जाते. ठाणे रेल्वेस्थानकापाशी ती येतच नाही. भिवंडी-कल्याणकडे जाणारी पाचवी मेट्रोही कापूरबावडीहूनच निघते. म्हणजे शहरातला सर्वांत मोठा प्रवासी-ओघ जेथे एकवटतो, त्या स्थानकाला वळसा घालूनच हे दोन्ही मार्ग आखले गेले आहेत. ही उणीव वर्तुळाकार मेट्रो भरून काढते, आणि आमच्या मते तिच्या बाजूने असलेला सर्वांत सबळ मुद्दा हाच होय. वागळे चौक, लोकमान्यनगर, उपवन, मानपाडा, वाघबीळ, कोलशेत, बाळकुम, राबोडी या वस्त्यांना ती एका दोऱ्यात ओवून ठाणे स्थानकाशी आणून सोडणार आहे. परंतु येथेच सावधगिरीही हवी. ठाण्याचे मेट्रोस्थानक जमिनीखाली व्हावयाचे आहे. तेथून रेल्वेच्या फलाटावर जाण्यास प्रवाशाला किती पावले व किती पायऱ्या लागतील, हे आराखड्यात आजच निश्चित झाले पाहिजे. दहा मिनिटांची मेट्रो आणि पंधरा मिनिटांची रेटारेटी, असा सौदा कोणी करणार नाही.

योजनेच्या विरोधकांचा मुख्य आक्षेप खर्चाचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. १२ हजार २०० कोटींना २९ ने भागले की किलोमीटरमागे ४२० कोटी रुपये पडतात. मधल्या काळात याच मार्गासाठी कमी खर्चाच्या हलक्या रेल्वेचाही विचार झाला होता. एवढ्या पैशांत कितीतरी बसगाड्या येतील, असे बसचे कैवारी म्हणतात. त्यांचे गणित बरोबर आहे. निष्कर्ष मात्र अर्धाच बरोबर आहे. बसला रस्ता लागतो, आणि घोडबंदर रस्त्यावर आज नाही ती वस्तू तेवढी एकच आहे. खासगी मोटारींच्या रांगेत अडकलेली बस ही मोटारीहून वेगाने जाऊ शकत नाही. तेव्हा स्वतंत्र मार्गावरून जाणारे वाहन या शहराला हवे, हे मान्य करावे लागते.

परंतु मेट्रोचे कैवारी ज्या उत्साहाने बसला विसरतात, तोही तितकाच घातक आहे. केंद्र शासनाच्या नागरी वाहतुकीच्या मानकांप्रमाणे उत्तम सेवेसाठी दर हजार लोकसंख्येमागे ०.६ बस हवी. २०११ च्या शिरगणतीने धरले तरी ठाण्याला अकराशे बसगाड्या लागतात. १९८९ साली सुरू झालेली आमची परिवहन सेवा या आकड्याच्या पुष्कळ मागे आहे, हे थांब्यावर तिष्ठणाऱ्या कोणत्याही प्रवाशाला सांगावे लागत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय मेट्रो धोरणानेही स्थानकाच्या दोन्ही बाजूंच्या पाच-पाच किलोमीटर टापूत पूरक वाहने व पायवाटा यांची तरतूद योजनेतच करावी, असे बजावले आहे. ठाण्यात ही तरतूद कोण करणार? मेट्रो एका महामंडळाची, बस महापालिकेची, रस्ते काही महापालिकेचे तर काही इतरांचे आणि रेल्वे केंद्राची. चार धन्यांच्या घरात चूल कोणी पेटवायची याचाच वाद होतो, आणि उपाशी राहतो तो प्रवासी. एकच तिकीट, एकमेकांशी जुळणारी वेळापत्रके आणि स्थानकाच्या दारात बसचा थांबा, या तीन गोष्टींसाठी कोट्यवधी रुपये लागत नाहीत. लागते ती एकमेकांशी बोलण्याची इच्छा.

आता सर्वांत अवघड प्रश्न. हे वर्तुळ कोणाभोवती आखले आहे? ते ठाणे शहराच्या पश्चिम भागात आहे; एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि दुसऱ्या अंगाला उल्हास नदी. खाडीपलीकडचे कळवा, मुंब्रा व दिवा हे भाग याच महापालिकेचे असूनही या वर्तुळाबाहेर आहेत. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्यानजीक दारात लोंबकळणारे प्रवासी धावत्या लोकलमधून खाली पडले आणि त्यांतील काही प्राणास मुकले. ज्यांना गाडीत पाऊल ठेवायलाही जागा मिळत नाही ते या शहराचेच नागरिक आहेत आणि त्यांच्याही करातून हा खर्च भागणार आहे. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका पुरी होण्यास फेब्रुवारी २०२२ उजाडावे लागले. ऐरोली-कळवा उन्नत मार्ग २०१६ साली मंजूर होऊनही पुनर्वसनाच्या पेचात वर्षानुवर्षे अडकून पडला. उंच इमारतींच्या दारी मेट्रो यावी याला आमची ना नाही. पण कळव्याच्या फलाटावरील माणसाची पाळी त्यामुळे आणखी मागे जाणार असेल, तर त्याला प्रगती म्हणताना जीभ अडखळेल. मेट्रोच्या प्रत्येक टप्प्याबरोबर खाडीपलीकडच्या रेल्वेकामांचीही मुदत जाहीर व्हावी, ही मागणी महापालिकेने व लोकप्रतिनिधींनी एकमुखाने केली पाहिजे.

पैशाच्या उभारणीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. केंद्र व राज्य यांचे समान भाग, बाहेरून घ्यावयाचे कर्ज आणि स्थानकांच्या नावांचे हक्क विकण्यासारखे नवे मार्ग असा आराखडा आहे. वाढलेल्या जमीनमूल्याचा काही अंश वसूल करण्याचेही त्यात योजले आहे. या शेवटच्या बाबीवर शासनाने खरा भर द्यावा, असे आम्हांस वाटते. मेट्रो येणार एवढ्या वार्तेनेच घोडबंदरच्या सदनिकांच्या जाहिरातींना बहर येतो. हा लाभ सार्वजनिक पैशाने निर्माण होतो. तो केवळ जमीनमालकांच्या व विकासकांच्या तिजोरीत जावा आणि कर्जाचे हप्ते मात्र भाड्याच्या रूपाने कारकुनाने, नर्सने व घरकाम करणाऱ्या बाईने फेडावेत, हा न्याय नव्हे. स्थानकालगत वाढीव बांधकामाची मुभा द्यावयाची असेल, तर त्यात कचेऱ्या व उद्योग यांनाही सक्तीने जागा मिळावी. ठाण्यातच काम मिळाले तर सकाळी मुंबईकडे व सायंकाळी ठाण्याकडे अशा एकेरी गर्दीऐवजी वर्तुळावर दोन्ही दिशांनी प्रवासी फिरतील. नुसती घरेच वाढली, तर मेट्रो म्हणजे लोकलच्या गर्दीत भर घालणारी उपनदी ठरेल.

शेवटी लोकमताविषयी. वाहतुकीच्या आराखड्यांची भाषा बहुधा इंग्रजी असते आणि त्यांवरील हरकतींची मुदत अल्प असते. सविस्तर प्रकल्प अहवालाचा मराठी सारांश प्रत्येक प्रभाग कार्यालयात ठेवावा. कोणती घरे, दुकाने व झाडे मार्गात येतात याची यादी लावावी. ज्यांची घरे जाणार त्यांना नवी घरे आधी व नोटिसा नंतर मिळाव्यात. आणि कामाच्या प्रगतीचा हिशेब दर तिमाहीस महापालिकेच्या सभागृहात मांडला जावा. यांतील एकही मागणी अशक्य नाही. चौथ्या मेट्रोच्या मंजुरीपासून पहिल्या चाचणीपर्यंत नऊ वर्षे लोटली. त्या काळात खोदलेले रस्ते ठाणेकरांनी निमूटपणे सोसले. पण निमूटपणे सोसणे हे नागरिकाचे कर्तव्य कधीच नव्हते. वर्तुळाकार मेट्रोची मुदत २०२९ ची आहे. ती पाळली जावी यासाठी कंत्राटदारावर शासनाची आणि शासनावर नागरिकांची नजर असली पाहिजे. यांपैकी पहिली नजर ढळली तर पैसा जातो; दुसरी ढळली तर शहर हातचे जाते.